सबनीसकाकांची विश्वसंसद

"तुम्हाला कुणी विचारलं होतं का?" हा सबनीसकाकांचा लाडका प्रश्न. पाण्याचं मीटर बघायला आलेला माणूस असो, कुरिअरवाला असो, नाहीतर माझ्याकडे आलेले पाहुणे असोत, काका त्यांना जिन्यात गाठून हा प्रश्न टाकत. समोरचा आधी दचकायचा. आपल्या हातून काही आगाऊपणा झाला की काय, असं त्याला वाटायचं. मग काका खुलासा करत. युद्ध कधी थांबवायचं, हवेत कुणी किती धूर सोडायचा, समुद्रात कुणी किती मासे धरायचे, हे सगळं कुठेतरी लांब, चार माणसं परस्पर ठरवतात. तुम्हाला कुणी विचारलं होतं का? समोरचा म्हणायचा, नाही बुवा. "मग इथे सही करा," असं म्हणून काका काखेतला पॅड पुढे करायचे.

पॅड म्हणजे मुलं परीक्षेला नेतात तो, लोखंडी चाप असलेला. त्यावरच्या कागदावर वर ठसठशीत अक्षरात लिहिलेलं असायचं, 'विश्वसंसद : एक माणूस, एक मत.' खाली नाव, पत्ता, सही असे रकाने. जगाच्या कारभारात जगातल्या लोकांनी निवडून दिलेली माणसं असली पाहिजेत, एवढी साधी मागणी. काकांनी नोकरीची सगळी वर्षं बंदरावरच्या एका एजंटाकडे मालाचे कागद करण्यात काढली होती. कागद बरोबर असला की जहाजसुद्धा हलतं, हा त्यांचा अनुभव. मग जग का हलणार नाही?

आणि पाठिंबा विचाराल तर अफाट होता. मी स्वतः बघितलंय. ह्या विषयाला नाही म्हणणारा माणूस आमच्या जुईनगरात काकांना भेटलाच नाही. एका रिक्षावाल्यानं सिग्नलला थांबल्या थांबल्या सही ठोकली आणि मग विचारलं, "काका, ये पास हुआ तो सीएनजीची लाइन कमी होईल ना?" दिघ्याहून टोपली घेऊन येणाऱ्या भाजीवालीनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या तुमच्या संसदेत मला बसायला एक जागा मिळंल का? रोज उठवतात ओ." काकांनी तिला समजावलं की तिथे ती नाही, तिचा प्रतिनिधी बसेल. ती म्हणाली, "मग ऱ्हाऊ द्या. तो कुठं भाजी इकनार?" सही मात्र तिनंही केली. मेथीची जुडी घेतली होती ना काकांनी.

आमचे चेअरमन पाटीलदादा मूळचे इथल्याच गावातले. आमची इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती कधीकाळी त्यांच्या वाडवडलांची भातशेती. त्यांच्यापुढे काकांनी पॅड धरला तेव्हा मी तिथेच होते. दादांनी कागद शांतपणे वाचला. म्हणाले, "आमची शेती घेतली, मिठागर घेतला, वरती शहर बसवला. तवा आमाला कोनी इचारला? आता तुमी दुनियेला इचारत फिरताय." काकांचा चेहरा फुलला. हेच तर म्हणतोय मी, म्हणाले. दादांनी सही केली आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली, 'ह्या माणसाला अजून कोणी विचारले नाही.' काका ती ओळ येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं वाचून दाखवत.

आता दुसरी बाजू सांगते. हे विश्वसंसदवाले सबनीसकाका आमच्या सोळा घरांच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. किती वर्षं, ते विचारू नका. मी लग्न होऊन आले तेव्हा होते, माझा मुलगा दहावी झाला तेव्हाही होते. आणि दर वेळी बिनविरोध. निवडणूक लागली की काका स्वतःच फॉर्म आणत, स्वतःचा भरत, उरलेले कपाटात ठेवत आणि मुदत संपली की सगळ्यांना पेढा देत. पेढा आला की आम्हाला कळे, निवडणूक होऊन गेली.

वार्षिक सभेची तऱ्हा तर अशी की सांगायची सोय नाही. नोटीस लागायची सकाळी दहाची. त्या नोटिशीतच शेवटी एक ओळ असते, कोरम पूर्ण न झाल्यास सभा तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल आणि तिला कोरमची अट राहणार नाही. नियमच आहे तसा. कोरम लागतो अकरा माणसांचा आणि साडेदहानंतर दोघं असली तरी चालतात. त्यामुळे दहाला कुणी फिरकतच नसे. काका एकटे पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून घड्याळाकडे बघत बसायचे. साडेदहाला सहा-सात जण बटाटेवड्याच्या वासावर खाली उतरायचे, काका भराभरा ठराव वाचायचे, सर्वानुमते मंजूर, आणि अकराला सगळे घरी. पलीकडच्या इमारतीत कुणी भाडेकरू सभेत बोलायला उठला होता म्हणे, तर काकांना ते ऐकूनच कसंसं झालं. भाडेकरूला कसलं आलंय मत, म्हणाले. हाच माणूस संध्याकाळच्या बातम्यांत कुठल्यातरी बड्या देशानं नकाराधिकार वापरला असं ऐकलं की टीव्ही बंद करायचा. पाच जण साऱ्या जगाला वेठीला धरतात म्हणजे काय, म्हणून जिन्यात येरझाऱ्या घालायचा.

मला हसायचा अधिकार नाही हेही सांगून टाकते. मी त्या कमिटीत होते. महिला राखीव. एकदा तळोज्याहून कामावरून घरी आले, तर दारात काका पेढा घेऊन उभे. म्हणाले, "मंजिरी, अभिनंदन. तू बिनविरोध आलीस." मी म्हटलं, मी उभी कधी होते? ते म्हणाले, राखीव जागा रिकामी ठेवता येत नाही. मग मी शालिनीकाकूंचं नाव सुचवलं. काकू म्हणजे त्यांची बायको. काकांनी हात झटकला. "एका घरातली दोन माणसं बरी दिसत नाहीत. आणि तिला काय कळतंय त्यातलं?" मीही पेढा खाल्ला. पुढे सभेचं इतिवृत्त घरपोच यायचं आणि कुकरच्या तिसऱ्या शिट्टीच्या आत मी खुणेच्या जागी सही करून द्यायचे. वाचायला वेळ कुणाला होता?

अशाच एका इतिवृत्तात बाक गेला.

खाली जंगली बदामाच्या झाडाजवळ एक सिमेंटचा बाक होता. कुणा माजी नगरसेवकानं दिलेला, नाव केव्हाच पुसलेलं. शालिनीकाकूंच्या दिवसातली खरी वेळ म्हणजे त्या बाकावरची संध्याकाळ. त्यांचे गुडघे गेलेले. एक मजला उतरून त्या तिथे टेकायच्या, आणखी तिघी-चौघी यायच्या, दिवे लागेपर्यंत गप्पा. घरात काकू काय बोलत असतील देव जाणे, समोरच्या दारात राहून मला तर त्यांचा आवाज क्वचितच ऐकू यायचा. बाकावर मात्र त्यांच्याइतकी गमतीदार बाई नव्हती. मग डिलिव्हरीची पोरं त्या बाकावर बसतात अशी तक्रार आली, आणि साडेदहानंतरच्या सभेत बाक काढायचा ठराव सर्वानुमते मंजूर झाला. दोन माणसांनी तो उचलून पंपाच्या खोलीमागे नेऊन पालथा टाकला. त्यानंतर काकू संध्याकाळी खाली उतरायच्या, कुणाच्यातरी स्कूटरला टेकून पाच-दहा मिनिटं उभ्या राहायच्या आणि कठड्याला धरत वर जायच्या. बाकीच्या बायका हळूहळू यायच्या बंद झाल्या. काकू काही बोलल्या नाहीत. मी येता-जाता बघत होते आणि त्या ठरावाखाली माझी सही होती.

चार वर्षं हे असंच चाललं. मग काकांचंच भाग्य त्यांच्यावर उलटलं.

परदेशातल्या एका संस्थेचं त्यांना पत्र आलं. जगाच्या कारभारात लोकांचे प्रतिनिधी असावेत म्हणून झटणारी ती संस्था ऑनलाइन परिषद भरवणार होती आणि काकांना बोलवत होती. काकांचे पाय जमिनीला लागेनात. अट एवढीच होती, की येणारा माणूस कुठल्यातरी लोकसमूहाचा निवडून आलेला प्रतिनिधी हवा आणि त्या समूहाच्या सभासदांची यादी सोबत जोडावी. काका म्हणाले, त्यात काय, आपली सोसायटी आहे की. यादी टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. मी शेअर सर्टिफिकेटांचं रजिस्टर उघडून एकेक नाव उतरवू लागले. घर क्रमांक सातपाशी थांबले. दोनदा वाचलं. तिथे एकच नाव होतं, सौ. शालिनी सबनीस.

काकांना दाखवलं तर ते म्हणाले, "हो, ते तेव्हाचं." ही घरं सोडतीत मिळाली तेव्हा काकांच्या नावावर वाशीला आधीच एक खोली होती. अर्जदाराच्या नावावर दुसरं घर नको, ह्या नियमात बसावं म्हणून अर्ज काकूंच्या नावानं केला. खोली पुढे विकली, पण कागद तसाच राहिला. इथे निम्म्या घरांची हीच गोष्ट आहे. घर बायकोच्या नावावर, दारावरची पाटी नवऱ्याच्या. जगाच्या लोकशाहीची काळजी वाहणारे आमचे सेक्रेटरी सोसायटीचे साधे सभासदही नव्हते. जन्मभर दुसऱ्यांचे कागद तपासणाऱ्या माणसानं स्वतःच्या घराचा कागद पुन्हा काढून बघितला नव्हता.

मी गप्प बसले असते. खरं सांगते, बसले असते. पण यादीवर चेअरमनची सही लागत होती आणि पाटीलदादा प्रत्येक कागद वाचतात. एकदा न वाचता अंगठा दिल्यानं त्यांच्या घराण्याचं काय झालं ते त्यांना माहीत आहे. त्यांनी सातव्या ओळीवर बोट ठेवलं, चष्म्यावरून काकांकडे बघितलं आणि नियम सांगितला. सभासदाचं लेखी संमतीपत्र असेल तरच घरातल्या दुसऱ्याला तिच्या वतीनं बसता येतं. "वैनींचा पत्र आना काका. सभा पुढल्या रविवारी हाय."

पत्र मीच टाइप केलं. ते घेऊन काका घरात गेले तेव्हा त्यांच्या मागे मीही होते. काकू गवार मोडत बसल्या होत्या. काकांनी कागद पुढे केला आणि म्हणाले, "इथे सही कर." आयुष्यभर त्यांनी असंच म्हटलं होतं आणि काकूंनी ओला हात पदराला पुसून सही केली होती. ह्या वेळी काकूंनी हात पुसला आणि चष्मा मागितला. 'मी याद्वारे सोसायटीच्या सभेत बोलण्याचे, मत देण्याचे व निवडणुकीस उभे राहण्याचे माझे सर्व हक्क माझे पती यांना देत आहे,' असा मजकूर होता. काकूंनी तो ओठ हलवत वाचला.

"सगळे?" त्यांनी विचारलं.

"फॉर्म्यालिटी असते गं ती."

"राहू दे इथे. बघते." एवढं बोलून त्यांनी कागद साखरेच्या डब्याखाली ठेवला.

तो कागद तिथे आठवडाभर होता. सबनीसकाकांनी आयुष्यात पहिल्यांदा प्रचार केला तो त्या आठवड्यात. सकाळी दूध आणायला स्वतः गेले. भाजीची पिशवी वर आणून दिली. गुडघ्याला लावायचं तेल आणलं, तेही न सांगता. तोंडानं विचारायची मात्र हिंमत होईना. मग काका दिवसातून तीनदा स्वतः चहा करू लागले, साखरेचा डबा उचलून कागदावर सही झाली का बघायला. काकू मला म्हणाल्या, "ह्या वयात एवढी साखर बरी नव्हे हो." त्यांच्या डोळ्यांत मला पूर्वीची, बाकावरची काकू दिसली.

रविवारी मी खिडकीत उभी होते. दहाला पाच कमी असताना काकू खाली उतरल्या. बऱ्यापैकी साडी, हातात पर्स. काका खुर्च्या मांडत होते. तू कशाला आत्ता, सगळे साडेदहाला येतात, असं ते म्हणाल्याचं मला ऐकू आलं. काकू म्हणाल्या, "नोटिशीत दहा लिहिलंय," आणि पहिल्या रांगेत बसल्या. सोळा घरांच्या सभेत वेळेवर आलेली ती एकच सभासद. मला माझीच लाज वाटली. गॅस बंद केला, खाली गेले, त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. अर्धा तास आम्ही दोघी तिथे बसून होतो आणि काका घड्याळाकडे बघत होते.

साडेदहाला वडे आले, माणसं आली, नेहमीचे विषय झाले. शेवटचा विषय असतो, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. दर वर्षी काका त्यात काहीतरी जगाचं वाचून दाखवायचे आणि लोक तेवढ्यात चटणी मागून घ्यायचे. ह्या वर्षी विश्वसंसदेला सोसायटीचा पाठिंबा आणि प्रतिनिधी म्हणून श्री. सबनीस, असा ठराव तयार होता. काकांनी घसा खाकरला. ते वाचायला लागण्याआधीच काकूंनी शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला.

"खालचा बाक परत बसवावा," त्या म्हणाल्या.

काका सवयीनं म्हणाले, "तो विषय संपलाय. सर्वानुमते ठराव झालाय."

पाटीलदादांनी इतिवृत्ताची वही मागवली आणि काकांनाच वाचायला लावली. काकांच्याच अक्षरात होतं ते. उपस्थिती सहा. बाक काढण्याचा ठराव, सूचक घर क्रमांक चार, अनुमोदक घर क्रमांक सात. काका वाचता वाचता सातापाशी अडखळले.

"सात म्हणजे मी ना?" काकूंनी दादांना विचारलं.

"कागदावर तुमीच, वैनी."

"म्हणजे माझा बाक काढायला मीच अनुमोदन दिलं." मग काकांकडे बघून अगदी सावकाश म्हणाल्या, "अहो, मला कुणी विचारलं होतं का?"

कुणी हसलं नाही.  हा प्रश्न आम्ही सगळ्यांनी जिन्यात, गेटवर, रिक्षात ऐकला होता, पण त्याला इतकं ओझं असेल असं कधी वाटलं नव्हतं.

दादांनी बाकाच्या बाजूनं असणाऱ्यांना हात वर करायला सांगितले. सगळ्यात आधी माझा वर गेला, मग एकेक करत बाकीच्यांचे. विरोधात कोण, असं विचारल्यावर काकांचा हात इतक्या वर्षांच्या सवयीनं आपोआप उचलला गेला. दादा हळू आवाजात म्हणाले, "काका, हात खाली घ्या. तुमाला मत नाय." काकांनी हात खाली घेतला आणि मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. मत नसलेल्या माणसांबद्दल ते इतकी वर्षं बोलत होते, पण असा माणूस त्यांनी इतक्या जवळून त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मला वाईट वाटलं त्यांचं. लबाड नव्हता हो माणूस. दूरचं लख्ख दिसायचं त्यांना, जवळचा नंबर तेवढा चुकलेला होता.

मग काकूंनी पर्समधून तो कागद काढून दादांना दिला. सही केलेली होती. मात्र 'सर्व' ह्या शब्दावर आणि 'मत देण्याचे' ह्यावर पेनानं आडवी रेघ होती. काकू म्हणाल्या, "सेक्रेटरीचं काम ह्यांनाच करू दे. घरात बसून तरी काय करतील? बोलतीलही हेच. मत मी देईन." तेव्हा मात्र पार्किंगभर हसू फुटलं, आणि काकाही त्यात ओशाळे होऊन थोडे हसले. विश्वसंसदेचा ठरावही मंजूर झाला, वडे गार होत होते म्हणून. काकू तेवढ्या तटस्थ राहिल्या. 'विश्वसंसदेचा कागद मी अजून वाचलेला नाही,' असं त्यांनी नोंदवायला लावलं.

काकांनी परदेशी संस्थेला सगळं खरं खरं कळवलं. मला बोलण्याचा अधिकार आहे, मत देण्याचा नाही, चालेल का? दोन दिवसांत उत्तर आलं, अगदी चालेल, आमच्या परिषदेत सगळ्यांना बोलण्याचाच अधिकार आहे, मतदान कुणालाच नाही. काकांनी ते पत्र मला दाखवलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. परिषदेत ते दोन मिनिटं बोलले. त्यांचा माइक बंद होता, हे शेवटी कुणीतरी सांगितलं.

बाक परत बसला, जरासा वाकडा. सहाच्या सुमाराला बायका जमू लागल्या. डिलिव्हरीची पोरंही दुपारी टेकायची आणि काकू त्यांना वरून पाण्याची बाटली सोडायच्या.

पुढे गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी मुलीनं काका-काकूंना बंगळूरला नेलं आणि दोघं तिकडेच राहिली. जायच्या दोन दिवस आधी मी कामावरून येत होते. बाकावर काकू एकट्याच बसल्या होत्या आणि समोर काका उभे होते, अनोळखी माणसापुढे उभे राहायचे तसे, काखेत पॅड. इतक्या वर्षांत अख्खं जुईनगर त्या कागदांवर सही करून गेलं होतं. त्यात काकूंची सही नव्हती.

"वाचतेस का हा?" काकांनी विचारलं. सही कर, असं नाही म्हणाले.

काकूंनी चष्मा लावला. पुढून वाचलं, कागद उलटून मागे काही आहे का बघितलं, परत पुढून वाचलं. मी गेटाशीच थांबले.

"चांगलं आहे," काकू म्हणाल्या. "एकच विचारायचंय. ही तुमची सभा दिलेल्या वेळेला भरणार, का अर्ध्या तासानं?"

सबनीसकाकांनी साऱ्या जगाला उत्तरं दिली होती. ह्या प्रश्नासरशी त्यांनी पॅड परत घेऊन कागद वरपासून खालपर्यंत चाळला. मग म्हणाले, "ते लिहायचं राहिलंय."

"लिहा मग. नंतर करते सही."

काका बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले, पॅड गुडघ्यावर घेतला आणि समासात बारीक अक्षरात काहीतरी लिहू लागले. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. काकू त्यांच्या पेनाचं टोपण हातात धरून शेजारी बसल्या होत्या. त्यांना कसलीच घाई नव्हती.